‘चार्ज’ : एक शब्द, अनेक ओझी

इंग्रजी भाषेतील काही शब्द भारतीय भाषांमध्ये इतके रुळले आहेत की, ते बाहेरून आले आहेत याची बोलताना जाणीवही राहत नाही. ‘चार्ज’ हा अशा शब्दांपैकी एक होय. रात्री झोपताना मोबाइल चार्जिंगला लावला जातो. बँकेच्या पासबुकात ‘चार्जेस’ म्हणून काही रुपये वजा झालेले दिसतात. बदली होऊन आलेला अधिकारी कार्यालयाचा ‘चार्ज’ घेतो. मोर्चावर ‘लाठीचार्ज’ झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते आणि त्याच पानावर दुसऱ्या एका प्रकरणात पोलिसांनी न्यायालयात ‘चार्जशीट’ दाखल केल्याचे वृत्त असते. शब्द एकच, परंतु एका ठिकाणी तो वीज आहे, दुसऱ्या ठिकाणी पैसा, तिसऱ्या ठिकाणी अधिकार, चौथ्या ठिकाणी हल्ला आणि पाचव्या ठिकाणी आरोप.

या अर्थांची सरमिसळ झाली, तर कधीकधी मोठी किंमत मोजावी लागते. एखाद्या कामगाराच्या हाती व्यवस्थापनाने चार्जशीट दिली, की आपली नोकरी गेलीच असे समजून तो खचून जातो. वास्तविक त्या कागदाने त्याच्याकडे खुलासा मागितलेला असतो. घाबरून तो उत्तरच देत नाही आणि खुलाशाची मुदत निघून जाते. एखाद्या कुटुंबातील तरुणाविरुद्ध चार्जशीट दाखल झाली, की शेजारीपाजारी त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. हॉटेलच्या बिलातील ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर आहे असे समजून ग्राहक तो निमूटपणे भरतो. म्हणून हा शब्द नीट समजून घेणे ही केवळ भाषेची हौस नव्हे; ती व्यवहाराची गरज आहे.

शब्दाचे मूळ : गाडी आणि ओझे

एकाच शब्दाला इतके वेगवेगळे अर्थ कसे चिकटले, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. प्राचीन युरोपातील केल्टिक लोकांच्या भाषेत चाकांच्या गाडीसाठी एक शब्द होता. रोमन लोकांनी तो उचलला आणि लॅटिन भाषेत त्याचे ‘कार्रुस’ असे रूप झाले. त्यापासून पुढे ‘गाडीवर ओझे लादणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले. ते जुन्या फ्रेंच भाषेत गेले आणि तेथे त्याचा उच्चार बदलला. 1066 साली फ्रेंच भाषा बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. ‘चार्ज’ हाही त्यांपैकीच एक. इंग्रजीत येताना त्याचा अर्थ अगदी साधा होता : ओझे आणि ओझे लादणे.

याच घराण्यातील आणखी काही शब्द परिचयाचे आहेत. मोटारीला म्हणतात ती ‘कार’, वाहून नेणे या अर्थाचा ‘कॅरी’, जहाजातून किंवा विमानातून जाणारा माल म्हणजे ‘कार्गो’, हे सारे त्या गाडीचेच वंशज होत. व्यंगचित्राला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ म्हणतात. तो शब्दही ओझे लादण्याच्या इटालियन क्रियापदापासून आला आहे. नाक, कान, हनुवटी यांवर अतिशयोक्तीचे ओझे लादून काढलेले चित्र, असा त्यामागील भाव.

‘ओझे’ हा मूळ अर्थ एकदा ध्यानात आला, म्हणजे ‘चार्ज’ची कोडी एकेक करून सुटू लागतात. मात्र प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावे लागतात : येथे ओझे कशाचे आहे आणि ते कोणावर ठेवले आहे?

जबाबदारीचे ओझे

गाडीवरचे ओझे माणसाच्या खांद्यावर आले, की ते काम होते आणि काम सोपवले गेले, की ती जबाबदारी होते. कार्यालयात ‘चार्ज घेणे’ म्हणजे त्या पदाच्या कामाचे ओझे स्वीकारणे, ‘चार्ज देणे’ म्हणजे ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. मराठीने यासाठी योजलेला शब्द पाहण्याजोगा आहे. मराठीत अधिकारी ‘कार्यभार’ स्वीकारतो. एक पद सांभाळून दुसऱ्या पदाचे काम पाहणाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. तात्पुरती जबाबदारी असलेला अधिकारी ‘प्रभारी’ असतो. या सर्व शब्दांत ‘भार’ आहेच. विशेष म्हणजे संस्कृतमधील ‘भार’ आणि इंग्रजीतील ‘बर्डन’ हे दोन शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. ओझ्यावरून जबाबदारीकडे जाण्याची वाट दोन्ही भाषांना सापडली, याचे नवल वाटत नाही.

भारतीय प्रशासनात या अर्थाची अनेक रूपे आढळतात. रुग्णालयाच्या कक्षात ‘इनचार्ज’ परिचारिका असते. संरक्षण साहित्याच्या कारखान्यांत ‘चार्जमन’ नावाचे पद आहे. जनगणनेच्या कामासाठी ग्रामीण भागातील तालुका किंवा शहर हे एक ‘चार्ज’ मानले जाते आणि तेथील कामाची धुरा ‘चार्ज अधिकाऱ्या’वर असते. राजदूत नसताना दूतावासाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या फ्रेंच पदनामातही हाच शब्द बसलेला आहे.

येथे इंग्रजीची एक बारीक खोच लक्षात ठेवावी. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे जबाबदारी सांभाळणारा. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याची जबाबदारी दुसऱ्यावर आहे तो. परिचारिका मुलाच्या ‘इन चार्ज’ असते, मूल परिचारिकेच्या ‘इन द चार्ज’ असते. मध्ये एक छोटासा शब्द आला आणि सांभाळणारा व सांभाळला जाणारा यांची अदलाबदल झाली. अर्जात किंवा अहवालात ही चूक झाली, तर वाक्याचा अर्थ उलटा होतो.

पैशाचे ओझे

वस्तू किंवा सेवा घेतली, की तिच्या किमतीचे ओझे घेणाऱ्यावर पडते. म्हणून किंमत आकारणे यालाही ‘चार्ज करणे’ म्हणू लागले. ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य. मराठीत या अर्थासाठी ‘शुल्क’ हा शब्द आहे आणि त्याहून अधिक घरगुती असा ‘आकार’ हा शब्दही आहे. एरवी ‘आकार’ म्हणजे वस्तूचा घाट. परंतु हिशेबाच्या भाषेत आकार म्हणजे ठरवून लावलेली रक्कम. महाराष्ट्रातील विजेच्या बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ असे शब्द छापलेले असतात. स्थिर आकार हा वीज कमी वापरली तरी द्यावा लागतो. वीज आकार वापरलेल्या युनिटांवर अवलंबून असतो. वहन आकार हा वीज तारांमधून घरापर्यंत पोहोचवण्याचा मोबदला असतो. हे तीन ‘चार्ज’ वेगळे ओळखता आले, तर बिल का वाढले हे ग्राहकाला स्वतःच ताडता येते.

‘चार्ज’ आणि कर यांतील भेदही जाणून घेण्याजोगा आहे. कर हा कायद्याने शासनाला द्यावयाचा असतो. हॉटेलातील ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र हॉटेल स्वतःसाठी घेते. पूर्वी ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा खराखुरा कर होता. तो 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला. नावांच्या या साधर्म्यामुळे अनेकांचा गोंधळ होत असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडू नये आणि तो देण्याची सक्ती ग्राहकावर करू नये, असे त्यांत म्हटले होते. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. त्याचप्रमाणे, बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या व्यक्तीकडून बँकांनी ‘फोरक्लोजर चार्जेस’ घेऊ नयेत, असा आदेश भारतीय रिझर्व्ह बँकेने जून 2012 मध्ये दिला. म्हणजे कागदावर ‘चार्ज’ असे छापले आहे एवढ्यावरून तो देणे बंधनकारक ठरत नाही. तो कोणी लावला आणि कोणत्या अधिकाराने लावला, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

पैशाच्या ओझ्याचा आणखी एक प्रकार मालमत्तेशी निगडित आहे. शेतकऱ्याने जमीन तारण ठेवून सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज घेतले, की सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याची नोंद होते. इंग्रजी कायद्याच्या भाषेत हा मालमत्तेवरील ‘चार्ज’ होय. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याची व्याख्या दिली आहे. मराठी महसुली भाषेत त्याला सरळ ‘बोजा’ म्हणतात. खेड्यातील शेतकरी ‘जमिनीवर बोजा चढला’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत ‘चार्ज’चा मूळ अर्थच सांगत असतो. येथे व्यवहाराची एक गोष्ट विसरू नये. कर्ज फिटले, तरी कागदावरील बोजा बऱ्याचदा तसाच राहून जातो. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन महसूल दप्तरी अर्ज करावा आणि बोजा कमी झाल्याची नोंद उताऱ्यावर पाहून खात्री करून घ्यावी. जमीन विकत घेणाऱ्यानेही व्यवहारापूर्वी हा रकाना अवश्य वाचावा.

राज्यकारभाराच्या हिशेबातही असा भार आहे. संविधानाच्या अनुच्छेद 112 नुसार काही खर्च भारताच्या एकत्रित निधीवर ‘प्रभारित’ असतात. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जावरील व्याज हे त्यांपैकी काही. या खर्चांवर संसदेत चर्चा होऊ शकते. परंतु ते मतदानाला टाकले जात नाहीत. न्यायाधीशांचे वेतन कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू आहे.

आरोपाचे ओझे

आता ‘चार्ज’च्या सर्वांत गंभीर अर्थाकडे वळले पाहिजे. एखाद्यावर दोषाचे ओझे ठेवणे म्हणजे आरोप करणे. संस्कृतमध्ये ‘रुह्’ या धातूचा अर्थ चढणे, वाढणे असा आहे. त्यापासून बनलेल्या ‘आरोपण’ या शब्दाचा अर्थ वर चढवणे, ठेवणे असा होतो. म्हणजे ‘आरोप’ ही सुद्धा कोणावर तरी चढवलेली, ठेवलेली गोष्ट होय. मराठीत आरोप ‘ठेवला’ जातो, ‘लादला’ जातो, तो याचमुळे.

फौजदारी प्रक्रियेत या ओझ्याचे टप्पे असतात. ते वेगवेगळे समजून घेणे अगत्याचे आहे. पहिला टप्पा खबरीचा. गुन्हा घडल्याची माहिती पोलीस ठाण्यात नोंदवली जाते आणि तपास सुरू होतो. दुसरा टप्पा तपासानंतरचा. पुरेसा पुरावा मिळाला असे पोलिसांना वाटले, तर ते न्यायालयात अहवाल सादर करतात. त्यालाच व्यवहारात ‘चार्जशीट’, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतात. हे पोलिसांचे म्हणणे असते, न्यायालयाचे नव्हे. तिसरा टप्पा न्यायालयाचा. कागदपत्रे पाहून आणि दोन्ही बाजू ऐकून, आरोपीवर नेमके कोणते आरोप ठेवायचे हे न्यायाधीश ठरवतात. याला आरोपनिश्चिती म्हणतात. मग आरोपीला ते आरोप वाचून दाखवले जातात, समजावून सांगितले जातात आणि ते कबूल आहेत काय, असे विचारले जाते. त्याने ते नाकारले, तर त्यानंतर साक्षीपुरावा होतो आणि सर्वांत शेवटी निकाल लागतो. तेव्हा चार्जशीट हा निकाल नव्हे. निकालाच्या कितीतरी आधीचा तो एक मुक्काम आहे. आरोपाचे ओझे आरोपीवर असले, तरी तो आरोप सिद्ध करण्याचे ओझे सामान्यतः अभियोग पक्षावर असते. आरोप सिद्ध होईपर्यंत कायदा आरोपीला निर्दोष मानतो.

आरोपपत्राला मुदतीचेही बंधन आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. आरोपी कोठडीत असेल, तर मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत तपास पूर्ण होऊन आरोपपत्र सादर व्हावे लागते. तसे झाले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वेगळी असते. हा हक्क माहीत नसल्यामुळे गरीब आणि अल्पशिक्षित आरोपीचे अधिक नुकसान होते.

नोकरीतील चार्जशीट ही याहून वेगळी. तेथे पोलीस नसतात आणि तुरुंगही नसतो. कर्मचाऱ्याकडून शिस्तभंग झाला असे मालकाला किंवा वरिष्ठांना वाटले, तर त्याच्यावरील दोषारोप लेखी कळवले जातात आणि त्याचा खुलासा मागितला जातो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत संविधानाच्या अनुच्छेद 311 ने हे संरक्षण दिले आहे. चौकशी करून, दोषारोप कळवून आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊनच, काही मोजके अपवाद वगळता, त्यांना बडतर्फ करता येते. या दृष्टीने पाहिले, तर चार्जशीट हा धमकीचा कागद नसून बाजू मांडण्याची संधी देणारा कागद आहे. तो वाचावा, प्रत्येक आरोपाला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि उत्तराची पोच जपून ठेवावी.

न्यायालयात या शब्दाचा आणखी एक अर्थ पूर्वी प्रचारात होता. भारतात ज्यूरीची पद्धत होती, त्या काळी खटल्याच्या शेवटी न्यायाधीश ज्यूरीतील नागरिकांना कायदा आणि पुरावा समजावून देत. त्या निवेदनालाही ‘चार्ज’ म्हणत. कारण त्यायोगे निर्णयाची जबाबदारी ज्यूरीवर सोपवली जात असे. मुंबईतील 1959 च्या प्रसिद्ध नानावटी खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे गेले. ज्यूरीपुढील ‘चार्ज’मध्ये कायद्याचे काही मुद्दे नीट मांडले गेले नव्हते, हा तेथे कळीचा मुद्दा ठरला. आरोपीला शिक्षा झाली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

बंदुकीतील ओझे आणि रणांगणावरील धाव

बंदुकीत किंवा तोफेत दारू ठासणे हेही एक प्रकारचे ओझे भरणेच होय. म्हणून त्या दारूलाही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणू लागले. मराठीत यासाठी ‘बार’ हा शब्द आहे. ‘बार भरणे’ म्हणजे बंदूक ठासणे आणि ‘बार उडणे’ म्हणजे ती सुटणे. शस्त्र सज्ज करून शत्रूवर तुटून पडणे या क्रियेलाही पुढे हाच शब्द लाभला. भारतातील ‘लाठीचार्ज’ हा त्याचाच संकर होय : अर्धा देशी, अर्धा इंग्रजी. मराठी वर्तमानपत्रे त्याला ‘लाठीमार’ किंवा ‘लाठीहल्ला’ असेही म्हणतात. बेकायदा जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. आदेश न मानल्यास बळाचा वापर करण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे ज्याच्याकडे ठाण्याचा ‘चार्ज’ असतो, तोही ‘लाठीचार्ज’चा हुकूम देऊ शकतो.

शब्द संदिग्ध असला, की काय अनर्थ होतो याचे एक उदाहरण याच अर्थाशी जोडलेले आहे. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी घोडदळाला एक लेखी हुकूम पाठवला. शत्रू तोफा ओढून नेत आहे, त्याला अटकाव करावा, असा त्याचा आशय होता. सेनापती उंचावर होते. त्यांच्या मनात टेकडीवरील तोफा होत्या. घोडदळ खाली दरीत होते. तेथून त्यांना दरीच्या टोकाच्या रशियन तोफा तेवढ्या ठाऊक होत्या. कोणत्या तोफा, हे हुकुमात स्पष्ट नव्हते. सुमारे 670 घोडेस्वार सरळ तोफांच्या तोंडी धावून गेले आणि त्यांतील शंभराहून अधिक मारले गेले. इतिहासात ही घटना ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ म्हणून ओळखली जाते. त्या सैनिकांच्या शौर्याविषयी शंका नव्हती. घात केला तो अपुऱ्या शब्दांनी.

विजेचे ओझे

मोबाइलच्या ‘चार्ज’चा धागाही या तोफांशी जोडलेला आहे. 1745–46 च्या सुमारास युरोपात काचेच्या बरणीत वीज साठवण्याची युक्ती सापडली. हॉलंडमधील लायडन शहरावरून तिला ‘लायडन बरणी’ म्हणतात. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी या बरण्यांवर अनेक प्रयोग केले. बरणीत वीज भरणे आणि ती एका झटक्यात बाहेर पडणे, हे तोफ ठासण्यासारखे आणि उडवण्यासारखेच दिसत होते. त्यामुळे बरणीत वीज भरण्याला ‘चार्ज करणे’ म्हणणे स्वाभाविक ठरले. अनेक बरण्या एकत्र जोडल्या, तेव्हा फ्रँकलिन यांनी त्या जोडणीला ‘बॅटरी’ हे नाव दिले. सैन्यात तोफांच्या समूहाला बॅटरी म्हणत असत. आज प्रत्येकाच्या खिशात असलेली बॅटरी हे नाव असे रणांगणावरून आलेले आहे.

पुढे विज्ञानाने या शब्दाला काटेकोर अर्थ दिला. पदार्थाच्या ज्या गुणधर्मामुळे विद्युत आकर्षण किंवा प्रतिकर्षण घडते, तो विद्युत प्रभार होय. तो धन किंवा ऋण असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम यांनी 1785 साली प्रभारांमधील बलाचा नियम मांडला. प्रभाराच्या एककाला त्यांचेच नाव आहे. मोबाइलच्या बॅटरीवर 5000 मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, तेही प्रभाराचेच माप होय. त्याचे 18,000 कूलोम होतात. मात्र बॅटरी ‘चार्ज’ होते तेव्हा तिच्यात बाहेरून प्रभार येऊन साठत नाही. आतील लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतात आणि ऊर्जा रासायनिक रूपात साठते. जितके इलेक्ट्रॉन एका टोकातून आत येतात, तितकेच दुसऱ्या टोकातून बाहेर जातात. बॅटरी एकूणात उदासीनच राहते.

या अर्थासाठी मराठीने पुन्हा ‘भार’ घेऊनच ‘प्रभार’ हा शब्द केला. हिंदीत मात्र विद्युत प्रभाराला ‘आवेश’ म्हणतात. मराठी माणसाला ‘आवेश’ म्हटले, की त्वेषाने बोलणारा वक्ता आठवतो. महाराष्ट्राबाहेर राहून हिंदी आणि मराठी अशी दोन्ही भाषांतील पाठ्यपुस्तके वापरणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक अवश्य टिपून ठेवावा.

ओझे उतरवणे

जेथे ओझे चढते तेथे ते उतरतेही. इंग्रजीत ओझे उतरवण्याला ‘डिस्चार्ज’ म्हणतात. हा शब्दही त्याच क्रमाने सर्वत्र फिरला आहे. बॅटरी डिस्चार्ज होते. बंदूक डिस्चार्ज होते. कर्ज फिटले की ऋणको डिस्चार्ज होतो. कर्तव्य पार पाडणे यालाही हाच शब्द आहे. रुग्णालयातून डिस्चार्ज मिळतो, तो रुग्णालयावरील त्या रुग्णाच्या जबाबदारीचा भार संपतो म्हणून. न्यायालयात खटला चालवण्याइतका पुरावा नसेल, तर न्यायाधीश आरोपीला डिस्चार्ज करतात, म्हणजे आरोपमुक्त करतात. खटला पूर्ण चालून आरोप सिद्ध झाला नाही, तर होते ती निर्दोष मुक्तता; ती याहून वेगळी. पहिल्या प्रसंगी ओझे चढवलेच जात नाही, दुसऱ्या प्रसंगी चढवलेले ओझे उतरवले जाते. आरोपमुक्त झालेल्याविरुद्ध नवा पुरावा पुढे आला, तर पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष सुटलेल्यावर मात्र त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला सामान्यतः चालवता येत नाही.

अर्थ ओळखावा कसा?

अनेकार्थी शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. ‘चार्ज’च्या मागेपुढे रुपये, बिल, खाते असे शब्द असतील, तर तो आकार किंवा शुल्क असतो. पद, कार्यालय, बदली हे शब्द असतील, तर तो कार्यभार असतो. पोलीस, न्यायालय, कलम हे शब्द असतील, तर तो आरोप असतो. जमाव आणि लाठी असेल, तर तो हल्ला असतो. तार, बॅटरी, धन-ऋण असेल, तर तो प्रभार असतो. सातबारा आणि कर्ज असेल, तर तो बोजा असतो. एकट्या शब्दाचा शब्दकोशातील पहिला अर्थ उचलून वाक्यात बसवणे धोक्याचे असते. आधी वाक्य वाचावे, मग कोश उघडावा.

बोलताना ‘चार्ज’ हा शब्द वापरण्यात गैर काही नाही. तो आता भारतीय भाषांचाच झाला आहे. परंतु अर्ज, तक्रार, खुलासा किंवा करार लिहिताना अचूक मराठी शब्द योजला, तर गोंधळाला जागा राहत नाही. ‘माझ्यावर चार्ज आहे’ या वाक्यातून लिहिणारा अधिकारी आहे, आरोपी आहे की कर्जदार आहे, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. ‘माझ्याकडे कार्यभार आहे’, ‘माझ्यावर आरोप आहे’, ‘माझ्या जमिनीवर बोजा आहे’ ही तीन वाक्ये मात्र कोणालाही फसवत नाहीत. आणि समोर आलेल्या कागदावर ‘चार्ज’ हा शब्द दिसला, की सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : हे ओझे कशाचे आहे आणि ते कोणाच्या खांद्यावर ठेवले जात आहे?